आधी टेकडी, मग गाव: कोर्लई-रेवदंडा एका दिवसात

अलिबागला दरवर्षी जाणाऱ्या कितीतरी लोकांनी रेवदंडा फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो. नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्येच रस्त्याला आडवा येणारा काळा तट, मग खाडीवरचा पूल, आणि गाडी सुटते काशीद-मुरूडच्या दिशेला. त्या तटाच्या आत पोर्तुगिजांचं अख्खं शहर होतं आणि पुलाच्या पलीकडे समुद्रात घुसलेल्या टेकडीवर त्याचा पहारेकरी किल्ला आहे, हे थांबल्याशिवाय कळत नाही.

मीही पहिल्या खेपेला आधी रेवदंड्यात उतरलो होतो. झाडीत लपलेल्या भिंती, एक उंच मनोरा, छप्पर उडालेली चर्चं असं सगळं पाहिलं, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध लागेना. दुपारनंतर कोर्लईच्या टेकडीवर चढलो आणि वरून खाली नजर टाकली, तेव्हा सकाळी पाहिलेला प्रत्येक दगड आपापल्या जागी जाऊन बसला. त्यानंतर ज्यांना ज्यांना तिथे घेऊन गेलो, त्यांना आधी टेकडीवर नेलं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे: सकाळी कोर्लई, दुपारी रेवदंडा, उतरत्या उन्हात चौल. कधीच किल्ला न चढलेल्या माणसालाही हा दिवस सहज झेपतो.

कधी जावं

ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. टेकडीवर सावलीला झाड जवळजवळ नाही, त्यामुळे मार्चनंतर गेलात तर साडेनवाच्या आत खाली उतरलेलं बरं. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते, पण पायऱ्यांवर शेवाळं धरतं आणि गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद असतात. पहिल्याच भेटीसाठी तो काळ मी सुचवणार नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपासचे दिवस कॅलेंडरवर आधी पाहून ठेवा. दत्तजयंतीला चौलच्या दत्ताच्या डोंगरावर मोठी जत्रा भरते आणि सगळा रस्ता माणसांनी फुलून जातो. जत्रेसाठीच जायचं असेल तर त्यासारखी मजा नाही. किल्ले बघायचे असतील तर पुढचा आठवडा निवडा.

भरती-ओहोटीचं गणित

हा भाग घाईत वगळू नका, कारण रेवदंड्याचा समुद्राकडचा तट वाळूवरून चालत बघायचा असतो, आणि वाळू किती उघडी असेल ते ओहोटी ठरवते. मोबाइलवर वेळापत्रक मिळतंच, पण किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेला एक हिशेब आहे, तो मला जास्त आवडतो. त्या दिवशीची तिथी घ्या, तिला तीनने गुणा, चारने भागा. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन असं दोन्ही धरायचं. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, पण सहल ठरवायला एवढं पुरतं.

आता आपल्या कामाचं: रेवदंड्याच्या वाळूवर आपण तीन ते पाचच्या दरम्यान असणार. त्या वेळी ओहोटी हवी, तर सकाळी नऊ-दहाला भरती हवी. म्हणजे एकादशी ते चतुर्दशी हे चार दिवस सर्वांत सोयीचे. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ उधाण असतं, पाणी जास्त चढतं तसंच जास्त मागेही जातं, त्यामुळे वाळूचा पट्टा रुंद मिळतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी ना फार चढतं, ना फार उतरतं. पंचमीला गेलात तर पावणेचारला पूर्ण भरती असेल. तेव्हा तट आतल्या बाजूने बघा आणि वाळूवर उतरायचा हट्ट सोडा.

पोचायचं कसं

मुंबईहून दोन वाटा. गेटवेहून बोटीने मांडवा, साधारण तासाभराचा प्रवास; पुढे अलिबागपर्यंतची बस बऱ्याच बोटवाल्यांच्या तिकिटातच धरलेली असते, ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. गाडी सोबत न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. दुसरी वाट पनवेल, पेण, वडखळ करत सडकेने. शनिवार-रविवारी सकाळी आठनंतर वडखळच्या पुढे गाड्या तुंबतात, म्हणून सडकेने जाणाऱ्यांनी उजाडायच्या आत मुंबई सोडावी. पुण्याहून खोपोली-पेण मार्गे येता येतं, पण जाऊन-येऊन एका दिवसात ओढाताण होते. आदल्या रात्री अलिबाग, नागाव किंवा रेवदंड्यात मुक्काम करावा.

अलिबागच्या एसटी स्टँडवरून मुरूडकडे जाणारी गाडी पकडा. नागाव, चौल, रेवदंडा, मग कुंडलिका खाडीवरचा पूल, साळाव आणि पुढे कोर्लई. अलिबाग ते रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर, कोर्लई त्यापुढे थोडंच. कंडक्टरला चढतानाच ‘कोर्लईला उतरायचंय, किल्ल्यासाठी’ असं सांगून ठेवा. रेवदंड्यापर्यंत मिनिडोर आणि सहा आसनी रिक्षाही मिळतात, पण पुलापलीकडे नेणारी रिक्षा हवी असेल तर भाडं आधी ठरवा आणि परत न्यायला किती वाजता यायचं तेही तेव्हाच ठरवून घ्या. बोटीने आलेल्यांनी मांडव्याला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बोट कितीची ते विचारावं. दिवसाचं सगळं वेळापत्रक त्या एका उत्तरावर अवलंबून आहे.

पाठीवरच्या पिशवीत माणशी दोन लिटर पाणी, टोपी, थोडं गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, बॅटरी आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. पायात बूट. स्लिपर घालून लोक चढतात, पण उतरताना घसरतात. वर पाण्याचं टाकं आहे, त्यातलं पाणी पिऊ नये.

टेकडी

कोर्लई गावातून जाणारा रस्ता कोळीवाड्याच्या अंगाने टेकडीच्या समुद्राकडच्या बाजूला वळतो आणि दीपगृहापाशी संपतो. गावापासून दीपगृहापर्यंत चालत अर्धा तास. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला टेकडीचा उतार, आणि हिवाळ्यात वाटेवर वाळत घातलेली मासळी. रस्ता अरुंद आहे. मोठी गाडी असेल तर गावाबाहेर लावून चालत जाणं सगळ्यांच्याच सोयीचं.

दीपगृह बघायची वेळ ठरलेली असते, नाममात्र तिकीट असतं. तिथल्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, कारण दीपगृहाच्या आवारातूनही समुद्र पोटभर दिसतो.

चढाईच्या पायऱ्या दीपगृहाच्या मागून सुरू होतात. वीस मिनिटांत माथा. उंची शंभर मीटरच्या आतबाहेर, पण समुद्रसपाटीपासूनच चढायचं असल्यामुळे ती सगळी पायांना मोजावी लागते. नवख्यांनी एकच करावं: बोलता बोलता धाप लागली की थांबावं, पाठ टेकडीला आणि तोंड समुद्राला करावं, श्वास खाली बसला की पुढे निघावं. मुलं पुढे पळतात. त्यांना वरच्या दरवाजाशी थांबायला सांगा, कारण त्यापुढे कडेला कठडा नाही.

दरवाजातून आत गेलात की किल्ल्याचा आकार लक्षात येतो. लांबी जवळजवळ एक किलोमीटर, रुंदी मात्र इतकी कमी की काही ठिकाणी दोन्हीकडचा तट एकाच नजरेत मावतो. डोंगराच्या कण्यावरच किल्ला बांधला आहे. आडव्या भिंती आणि दरवाजे घालून त्याचे टप्पे पाडलेत, म्हणजे शत्रू एका टप्प्यात शिरला तरी पुढचा टप्पा त्याला नव्याने लढून घ्यावा लागेल. मधल्या भागात छप्पर नसलेलं चर्च आहे, जवळच पाण्याचं टाकं आणि महादेवाचं छोटं देऊळ. एकाच माथ्यावर चर्चची कमान आणि तुळशीवृंदावन शेजारी-शेजारी उभी आहेत. दरवाजांवरचे पोर्तुगीज शिलालेख शोधा. अक्षरं झिजलीत, पण सकाळचं तिरपं ऊन पडलं की उठून दिसतात.

आता सर्वांत महत्त्वाची जागा. किल्ल्याच्या उत्तर अंगाच्या तटावर या, बसा, आणि निदान अर्धा तास उठू नका. समोर खाडीचं तोंड आहे. उजवीकडून कुंडलिका येते, डावीकडे उघडा समुद्र, आणि बरोबर समोरच्या किनाऱ्यावर नारळांच्या गर्दीत रेवदंडा. त्या नारळांतून मान वर काढलेला मनोरा दिसतो का बघा. रेवदंडा आणि कोर्लई हे या खाडीच्या दाराचे दोन खांब आहेत. आत येणाऱ्या प्रत्येक गलबताला या दोघांच्या मधूनच जावं लागायचं.

दार कशाचं, तर चौलचं. खाडीच्या आतल्या अंगाला असलेलं हे बंदर इतकं जुनं आहे की टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सिमुल्ला’ नावाने येतं आणि अरब प्रवाशांच्या लिखाणात ‘सैमूर’ म्हणून. १४६९ च्या सुमाराला रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी अफानासी निकितिन इथेच उतरला, विकायला आणलेला एक घोडा घेऊन, आणि इथून घाट चढून जुन्नरला गेला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे.

खाली पाण्याकडे पाहताना १५०८ सालचा मार्च डोळ्यांसमोर आणा. इजिप्तच्या ममलूक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी पोर्तुगीज जहाजांना याच पाण्यात गाठलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचं जहाज निसटता निसटता मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकलं आणि तो मारला गेला. समुद्रावर राज्य करायला आलेल्या आरमाराला कोळ्यांच्या खांबांनी धरून ठेवलं. आजही कोकणच्या खाड्यांमध्ये डोलीच्या जाळ्यांसाठी असे खांब रोवतात. ओहोटीला खाडीत नीट पाहिलंत तर दिसतील.

पुढे निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगिजांनी रेवदंड्याला कोट बांधला. नंतर त्याच निजामशाहीशी बिघडलं. १५७०-७१ मध्ये रेवदंड्याला मोठा वेढा पडला, तो पोर्तुगिजांनी निभावला. मग निजामशाहीने या टेकडीवर भक्कम किल्ला उभारायला घेतला. तुम्ही जिथे बसला आहात तिथून तोफ डागली तर कुठे पडेल ते स्वतःच बघा, म्हणजे पोर्तुगिजांची झोप का उडाली ते कळेल. १५९४ च्या सप्टेंबरात त्यांनी टेकडी जिंकून घेतली आणि जवळपास दीडशे वर्षं सोडली नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर या दोन्ही ठाण्यांचा आधारच तुटला, आणि १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

वेळ आणि दम असेल तर उत्तरेकडे उतरत जाऊन अगदी पाण्यालगतच्या टोकापर्यंत जाता येतं. त्या टोकाला ‘क्रूसाची बातेरी’ म्हणतात. बातेरी म्हणजे तोफांचा मोर्चा, शब्द पोर्तुगिजांचाच. तिथे गेलात तर उतरलेलं सगळं परत चढून यावं लागेल, हे जाण्याआधी लक्षात घ्या. लहान मुलं सोबत असतील तर वरूनच बघून परत फिरा. गवत गुडघाभर वाढलेलं असेल तर वाट सोडू नका, आणि बुरुजावर कुठे मधमाश्यांचं पोळं दिसलं तर त्याच्या खाली आवाज, धूर, अत्तर काहीही नको.

खाली उतरल्यावर कोर्लई गावात

बहुतेक लोक टेकडी उतरून थेट गाडीत बसतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कोर्लईत जे आहे ते महाराष्ट्रात दुसरीकडे ऐकायला मिळत नाही. इथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. तिचं नाव ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी आईकडून मुलाकडे ही बोली चालत आली.

गावातल्या माउंट कार्मेल चर्चजवळून सावकाश चालत जा. टपरीवर चहा घ्या, मराठीतच बोला. सगळ्यांना मराठी उत्तम येतं. गप्पा रंगल्या तर ‘तुमच्या बोलीत हे कसं म्हणतात?’ असं विचारून बघा. तुमच्या-आमच्या मराठीतही चावी, पगार, पाव, बटाटा हे शब्द त्यांच्याच वाटेने आले आहेत, तेव्हा विचारायला संकोच नको. मात्र विचारल्याशिवाय कुणाच्या अंगणाचा, माणसांचा फोटो काढू नका, आणि भाषा ऐकायची म्हणून कुणाला बोलून दाखवायची गळ घालू नका.

दुपार रेवदंड्यात

बारापर्यंत पूल ओलांडून रेवदंड्यात या. ऊन चढतं तेव्हा वाड्यांच्या सावलीत असायचं, हाही टेकडी सकाळीच उरकण्याचा फायदा. आधी जेवून घ्या. घरगुती खानावळी आहेत, पण ताटं मोजकीच करतात, म्हणून सकाळी निघतानाच फोन करून माणसं सांगून ठेवा. थंडीच्या दिवसांत कुणी पोपटी लावणार असेल तर नशीब उघडलं म्हणा. भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची ती चव घरी येत नाही. फेब्रुवारीनंतर रस्त्याच्या कडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या दिसतील, परतताना एखादी जरूर घ्या.

रेवदंड्याचा किल्ला शोधावा लागत नाही, रस्ताच त्याच्या तटातून जातो. अवघड असतं ते आत काय कुठे आहे ते कळणं, कारण अवशेष खासगी वाड्यांमध्ये विखुरलेत. कुंपण असेल तिथे हाक मारा, परवानगी घ्या, फाटक होतं तसं लावा. पडलेले नारळ-सुपारी उचलू नका. ते कुणाचं तरी पीक आहे. आणि चालताना मधूनमधून वर बघा, सुकलेली झावळी सांगून पडत नाही.

पहिल्यांदा सातखणी मनोरा गाठा, सकाळी टेकडीवरून पाहिलेला. मूळचे सात मजले म्हणून हे नाव. वरचे मजले आता उरलेले नाहीत. त्याच्या बुंध्याशी उभं राहून दक्षिणेकडे तोंड करा आणि झाडीपलीकडे कोर्लईची टेकडी कुठे असेल याचा अंदाज घ्या. जवळपासच्या वाड्यांत चर्चच्या उंच भिंती आणि कमानी आहेत. तटाच्या पोटात भुयारं आहेत, ती बाहेरूनच बघावीत. आत हवा कोंदट असते आणि जमीन कुठे खचलेली आहे ते अंधारात दिसत नाही.

तीन वाजले की किनाऱ्यावर या. ओहोटी असेल तर काळसर वाळूवरून तटाच्या कडेकडेने चालत जा. हा तट बाहेरून बघितल्याशिवाय त्याची जाडी आणि उंची कळत नाही. चालता चालता समोर कोर्लईची टेकडी जवळ येत जाते. खाडीच्या तोंडाकडे मात्र पाण्यात उतरू नका. ओहोटीला तिथलं पाणी शांत दिसतं, पण समुद्राकडे जोरात ओढ घेत असतं.

रेवदंड्यात बेथ एल हे बेने इस्रायलींचं प्रार्थनास्थळही आहे. कोकणच्या गावांनी या समाजाला ‘शनवार तेली’ म्हटलं, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. आत जायचं असेल तर शनिवार टाळा आणि आधी विचारा.

परतीच्या वाटेवर चौल

साडेचार-पाचला निघालात की चौल वाटेतच आहे. चौलमध्ये ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं इथले लोक सांगतात. तुम्ही एकच बघा: रामेश्वर. समोर मोठी दगडी पुष्करणी, दीपमाळा, नंदी. देवळात झाकलेली कुंडं आहेत. त्यांतलं पर्जन्यकुंड पाऊस लांबला की उघडायचं, अशी गावाची श्रद्धा आहे. पुष्करणीच्या पायऱ्यांवर पाय सोडून पंधरा मिनिटं बसलं की टेकडीचा शीण उतरतो.

दत्ताचा डोंगर याच दिवसात उरकावा का, असं नेहमी विचारतात. शेकडो पायऱ्या आहेत, आणि सकाळी कोर्लई चढलेल्या पायांनी त्या संध्याकाळी घाईत चढणं मला पटत नाही. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा आणि त्याच फेरीत हिंगळाजदेवीची टेकडीही जोडा.

बोटीने परतायचं असेल तर चौलहून मांडव्याला पोचायला दीड तास धरा, रविवारी दोन. शेवटची बोट संध्याकाळी लवकर असेल तर चौल गाळा, पण रेवदंड्याची वाळू गाळू नका. एसटीने जाणाऱ्यांनी चौलनाक्यावर उभं राहून अलिबागची गाडी धरावी. संध्याकाळी गर्दी असते, उभ्यानेच जावं लागेल.